आत करिष्मा होती

"घरी असं कोणी लेकरू आहे का — बोलत नाई, आपल्याच तंद्रीत राह्यते?"

"नाई," मी म्हणाले.

आत, कडी लावलेल्या खोलीत माझी नऊ वर्षांची बहीण करिष्मा होती. पाहुणा आला की आई तिला कोंडायची. त्या दिवशी मात्र कडी मी लावली होती. गल्लीतून येणारा तो पोरगा मला आवडला... एवढंच कारण. सांगायलाही लाज वाटते.

तो राजदीप. विद्यापीठ आणि आमच्या भागातले लोक मिळून वडशात स्वमग्न मुलांसाठी केंद्र काढत होते, त्याचा सर्व्हे करत फिरायचा. मग येतच राहिला. कधी सही राहिली, कधी मोबाइल नंबर चुकला; दर वेळी चहा मात्र घेऊनच जायचा, तोही सावकाश.

"सगळे मले भाऊ म्हणतात. तुम्ही काऊन नाई म्हणत?"

"मले भाऊ आहे एक. पुरे झाला!"

तो असा हसला की मी बंद खोलीतली करिष्माची कुरकुर ऐकूनही ऐकली नाही.

विहारातल्या सभेत त्यानं मलाच बोलायला उभं केलं. "लेकरं लपवू नका," मी ठणकावलं. आमच्या गल्लीतली अंजनाबाई रडत उठली. तिनं आपल्या नातवाचं नाव लिहून दिलं.

"तुमच्यामुळं झालं हे, रिना," सभा संपल्यावर राजदीप म्हणाला. त्या कौतुकानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मले बहीण आहे... करिष्मा. तुम्ही आले की मी तिले कोंडत होती."

"काऊन?"

"तुम्ही मले आवडता म्हणून. तिले पाहून तुम्ही परत येणार नाई, असं वाटलं."

तो कानापर्यंत लाल झाला. "सर्व्हेले एकच खेप लागते. बाकीच्या तीन खेपा मी तुलेच पाहाले आलो..." मग त्याचं हसू गेलं. "चारही वेळा ती आतच होती?"

"चारही वेळा."

तो पायरीवर बसला.

"चहा मी मुद्दाम हळूहळू पीत होतो, रिना."

मी त्याच्या शेजारी बसले.

"चाल," तो उठत म्हणाला. "आधी तिची माफी मागू. आपलं मंग पाहू."

माझी मान वर होत नव्हती. तरी ते 'आपलं' मी ऐकलंच.