डाव्या विंगेतलं स्टूल

रंगभूमी हा गावाचा आत्मा असतो, आणि आत्मा गमावून कुठलंही गाव मोठं झालेलं नाही. हे वाक्य मी ऑगस्टमध्ये शाळेच्या मंडळापुढे उभा राहून, आवाज थोडा कापरा करून म्हटलं. मंडळ गहिवरलं नाही. एका सभासदाने विचारलं, की आत्म्याला एवढी मोठी जागा कशाला लागते?

भांडण जागेचंच होतं. नेब्रास्काच्या आमच्या भागात मक्याच्या खालोखाल कुस्ती पिकते. मुख्याध्यापक रॉन ओर्टमायर स्वतः जुने मल्ल. दोन्ही कान मोडलेले, त्यामुळे त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. त्यांना शाळेच्या सभागृहात कुस्तीची मॅट टाकायची होती. शेवटी तोडगा निघाला. डिसेंबरची आमची एकांकिका राज्य फेरीत गेली, तर नाटक राहील. नाही गेली, तर नाताळनंतर मॅट येईल आणि वसंतातलं संगीत नाटक रद्द.

मी शिकवतो रसायनशास्त्र. आधीचे नाटकवाले सर ॲरिझोनाला गेले, तेव्हा नवा माणूस निवडायच्या बैठकीतून मी जरा बाथरूमला गेलो होतो. परत आलो तर माझ्यासाठी टाळ्या चालू होत्या. त्याला तीन वर्षं झाली. आता त्या धुळीच्या, भुशाच्या आणि हेअरस्प्रेच्या वासाची मला चटक लागली आहे, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पाठांतराची मुदत संपली की मुलांच्या हातातली संहिता काढून घ्यायची. त्यानंतर ज्याला वाक्य आठवत नाही त्याने माफी मागायची नाही, डोकं खाजवायचं नाही. आहे त्या पवित्र्यात उभं राहून फक्त ‘लाइन!’ म्हणायचं. मग प्रॉम्प्टर ते वाक्य अगदी कोरडं वाचतो, कारण भाव हे नटाचं काम. नट ते उचलतो आणि पुढे जातो. पद्धत उत्तम आहे, फक्त सवय लागते. कोल्टन ह्रुश्काला मी वर्गात सोडियमचा अणुक्रमांक विचारला, तर तो शून्यात बघत म्हणाला, ‘‘लाइन!’’

कोल्टन म्हणजे आमचा मुख्य नट. अंगाने रेड्यासारखा, हिवाळ्यात कुस्तीच्या हेवीवेट गटातही असतो. रंगमंचावर आला की दुसरीकडे बघवत नाही. पाठांतर मात्र शून्य. आणि आमची प्रॉम्प्टर म्हणजे डेलनी फॉस. बारावीतली ही मुलगी अशी आहे, की तिने मला काम सांगितलं की ते मी आधी करतो आणि मग विचार करतो, आपण शिक्षक आहोत ना?

शरदातलं नाटक म्हणजे एका खानावळीवरचा फार्स. सप्टेंबरातल्या एका दुपारी तालीम चालू होती. कोल्टन खांद्यावर ट्रंक घेऊन मध्यभागी आला, थांबला आणि म्हणाला, ‘‘लाइन!’’

डाव्या विंगेतून आवाज आला. बाईचा. तरुण नाही, म्हातारा नाही. ‘‘दार उघडं ठेवा. अजून कुणीतरी यायचंय.’’

कोल्टनने ते वाक्य असं म्हटलं, की मी स्वतः मान वळवून दाराकडे बघितलं.

‘‘हे कुठून आणलंस?’’ मी विचारलं. ‘‘आपल्या नाटकात असं वाक्य नाही.’’

‘‘मला काय माहीत सर? मिळालं ते म्हटलं.’’

सगळ्यांनी डेलनीकडे बघितलं. ती पहिल्या रांगेत मांडीवर संहिता घेऊन बसली होती आणि तोंडात अख्खी कोलाची, जर्दाळू भरलेली गोड पेस्ट्री, कोंबलेली होती. तिने ती शांतपणे गिळली.

‘‘या तोंडाने, सर?’’

मी विंगेत गेलो. डावी विंग म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी जागा. तिला दार नाही. मागे विटांची भिंत, आणि जुन्या काळी प्रॉम्प्टर बसायचा ते उंच स्टूल, जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. तिथून निघायचं तर माझ्यासमोरूनच निघावं लागतं. कुणी निघालं नव्हतं. मी सगळ्यांना रागावलो. नक्की कशाबद्दल, ते मला सांगता आलं नाही. मुलांनी तेवढ्यात नाव पाडलं, डावीकडच्या बाई.

फार्स झाला. लोक हसले, ओर्टमायरसुद्धा एकदा हसले, बहुतेक चुकून.

मग मी एकांकिका निवडली. प्रकाशकाकडून आलेल्या सात-आठ संहितांपैकी जिच्यात माणसं कमी आणि नेपथ्य एकच ती उचलली. शिक्षकांच्या खोलीत राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा गोड रोल खात चाळायला लागलो. हिमवादळात अडकलेलं शेतकरी कुटुंब, घरी न आलेला मुलगा. शेवटाकडे बापाचं वाक्य होतं. ‘दार उघडं ठेवा. अजून कुणीतरी यायचंय.’

रोल माझ्या हातातच राहिला.

मी डेलनीला बोलावून घेतलं.

‘‘ही संहिता तू आधी कुठे वाचलीस?’’

‘‘कुठली?’’

‘‘शाळेतलं नाटक टिकावं म्हणून तू काय काय करशील ते मला माहितीये. माझ्याकडून ही एकांकिका निवडून घ्यायची, असा काही बेत होता का?’’

‘‘कुचेरा सर,’’ ती म्हणाली, ‘‘मी सुचवलेलं एक तरी नाटक तुम्ही आजवर घेतलंय का?’’

हे खरं होतं. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

‘‘आणि वाक्य किती कोरडं म्हटलं ते ऐकलंत ना? मी चार वर्षं प्रयत्न करतेय. मला अजून तसं जमत नाही.’’

माझा संशय गेला नाही. उलट ती हेवा वाटल्यासारखी बोलली म्हणून वाढला.

एकांकिकेच्या तालमींत डावीकडून काही आलं नाही. कोल्टन चेष्टा करायचा. ‘‘आज बाई रजेवर का? डेलनी पान शोधेपर्यंत माझी दाढी उगवते.’’ डेलनी म्हणायची, ‘‘पाठ कर म्हणजे कुणाचीच गरज नाही, बैला.’’ बापाचं ते एक वाक्य मात्र त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

मी शास्त्राचा माणूस आहे. एका दुपारी, मुलं यायच्या आधी, मी प्रयोगशाळेतून खडूची बारीक पूड नेली आणि डाव्या विंगेत शिंपडली. जमिनीवर, दोऱ्यांवर, स्टुलाच्या बैठकीवर. जो येईल त्याच्या खुणा मिळतील. मग बाहेर बसून राहिलो. तालीम झाली, मुलं गेली, मी बॅटरी घेऊन आत गेलो.

जमिनीवरची पूड जशीच्या तशी. एकही पाऊल नाही.

बैठकीवर पूड नव्हती. पुसल्याचा फराटा नव्हता, उडाल्याचा डाग नव्हता. कडेला मात्र स्वच्छ रेघ होती. मी शिंपडत असताना तिथे काही ठेवलेलं असावं, तशी.

बैठकीवर मी शिंपडायचंच विसरलो असेन, असं मी ठरवलं. पण तसा मी काही विसरत नाही.

स्पर्धा दुसऱ्या गावात होती. तिथली शाळा नवी, रंगमंच नवा, पडद्याला अजून दुकानाचा वास. नियम स्पष्ट होता. प्रयोगात बाहेरून वाक्य सांगितलं तर संघ बाद. मी डेलनीला माझ्या शेजारी, प्रेक्षकांत बसवलं.

‘‘हात मांडीवर ठेव. मला दिसतील असे.’’

‘‘आणि तोंड?’’ ती म्हणाली. पण हात ठेवले.

प्रयोग इतका चांगला चालला, की शेजारच्या गावची माणसंही खोकायची थांबली. मला राज्य फेरी दिसायला लागली. वसंतातल्या नाटकाला नाचणारी मुलं कुठून आणायची, याची काळजीसुद्धा मी सुरू केली. ‘दार उघडं ठेवा’ होऊन गेलं. बापाचं शेवटचं वाक्य उरलं.

कोल्टन टेबलापाशी थांबला. शून्यात बघितलं.

ते शून्य माझ्या ओळखीचं होतं.

‘‘लाइन!’’ तो खणखणीत आवाजात म्हणाला.

तीन परीक्षकांनी एकदम माना वर केल्या. मी डेलनीच्या तोंडाकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले होते.

डाव्या विंगेतून आवाज आला. कोरडा.

‘‘ते स्टूल राहू दे. बसलंय कुणीतरी त्यावर.’’

कोल्टनने ते उचललं आणि म्हटलं. हळू, समोर बघत. रंगमंचावर स्टूल नव्हतंच, फक्त खुर्च्या होत्या. तरी पहिल्या रांगेतली एक बाई रडायला लागली.

आम्ही बाद झालो. मुख्य परीक्षक बाहेर येऊन माझा हात दाबून म्हणाले, ‘‘डावीकडच्या बाईंना सांगा, आवाज छान आहे. पण नियम म्हणजे नियम.’’

‘‘कोण बाई?’’ डेलनीने विचारलं.

ते आधीच पुढच्या संघाकडे वळले होते.

परतीच्या बसमध्ये कोल्टन रडत होता. डेलनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी तिची माफी मागायला उठलो, पण नेमकं काय म्हणायचं ते आठवेना. खाली बसलो. ‘लाइन’ हा शब्द मी मुद्दाम तोंडातून निघू दिला नाही.

जानेवारीत मॅट आली. मी सभागृहाच्या किल्ल्या द्यायला गेलो. खुर्च्या निघाल्या होत्या. कोल्टन आणि दोन मल्ल मॅटची गुंडाळी डावीकडे ढकलत होते. ओर्टमायर स्क्रूड्रायव्हर घेऊन विंगेत वाकले होते.

‘‘कुचेरा, चार स्क्रू काढले की झालं,’’ ते म्हणाले. ‘‘मग भिंतीपर्यंत जाईल.’’

पहिल्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला आणि ते थांबले.

मान किंचित डावीकडे वळली. वाक्य न आठवणाऱ्या नटाची वळते तशी.

‘‘ते स्टूल राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘बसलंय कुणीतरी त्यावर.’’

त्यात भाव अजिबात नव्हता. स्पर्धेच्या दिवशी ते कुस्तीच्या सामन्याला गेले होते, आणि आमचं शेवटचं वाक्य काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

कोल्टनच्या हातून गुंडाळी सुटली. त्याने माझ्याकडे बघितलं.

‘‘सर...’’

‘‘मागे ओढ,’’ मी म्हणालो.

ओर्टमायरनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, हात पँटला पुसले आणि बाहेर आले.

मॅट स्टुलाभोवती गोल कापून घ्यावी लागली. त्यामुळे तिची वॉरंटी रद्द झाली.