चाळीसचं पिस्टन

मोटारसायकल सुरू झाली खरी, पण निळा धूर ओकत आणि आतून टकटक करत. रुपचंदमामांनी पाच मिनिटांतच ती बंद केली.

"बठ्ठं फुकट गयं, पोरी," हात पुसत ते कुंदाला म्हणाले. "जळगावच्या मेस्त्रीकडून सिलिंडर घासून, नवं पिस्टन आणून सगळं वाया गेलं. तो म्हणालाच होता, गाडीच म्हातारी झाली. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

कुंदाने टाकीवर हात ठेवला. ती जुनी इंग्रजी गाडी तिच्या बाबांची होती. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आईची दीपनगरच्या दवाखान्यात ड्युटी, म्हणून एकोणनव्वदच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिला चोपड्याला मामांकडे धाडलं होतं. इथे सगळे मायेने वागायचे, तरी तिला करमायचं नाही. दिवसभर ती गाडीपाशीच बसायची.

संध्याकाळी शेवटचं एकदा बघावं म्हणून मामांनी इंजिन खोललं. कुंदा आणि दहा वर्षांचा मामेभाऊ वना सुटे भाग रॉकेलने पुसू लागले. पिस्टनवरची काजळी निघाली, तसा वना म्हणाला, "कुंदाताई, यावर वीस लिहिलंय."

"दाखव. पिस्टनच्या डब्यावर तर चाळीस होतं."

बाबांनी तिला शिकवलं होतं. सिलिंडर झिजला की तो आतून घासून मोठा करतात आणि त्याच मापाचं मोठं पिस्टन बसवतात. वीस, चाळीस असं माप पिस्टनच्या डोक्यावरच कोरलेलं असतं. या गाडीचा सिलिंडर जळगावच्या पुना मेस्त्रीने चाळीसच्या मापाने घासला होता. मग हे लहान पिस्टन आत खडखडणार नाही तर काय?

दुसऱ्या दिवशी प्रमिलामामी जळगावला निघाल्या, तेव्हा दोघं ते पिस्टन घेऊन त्यांच्यासोबत एसटीत बसली. मामी गॅरेजशेजारच्या दुकानात शिरल्या आणि ही दोघं पुना मेस्त्रीच्या गॅरेजात.

"डब्यावर चाळीस, म्हणजे आत चाळीसच," मेस्त्री पिस्टनकडे न बघताच म्हणाला. "आता तू मला शिकवणार का?"

कामावरचे लोक हसले. कुंदाचे कान तापले. वना शेजारीच उभा होता, तरी तिला फार एकटं वाटलं. बाबा असते तर हा माणूस असं बोलला नसता. ती जायला वळली.

तेवढ्यात लेथवरचा कारागीर ओरडला, "मेस्त्री, भडगावच्या गाडीचं पिस्टन आत जातच नाही. मी तर बरोबर वीसचं घासलंय."

"मग अजून घास."

"थांबा, घासू नका," कुंदा पटकन म्हणाली. "आमचं सैल पडतंय, यांचं अडकतंय. दोन्ही पिस्टनं एकाच दिवशी डब्यांतून काढली होती का?"

कारागीर आठवू लागला. "हो. दोन्ही डबे काउंटरवर उघडे होते."

कुंदाने आपलं पिस्टन त्या सिलिंडरात सोडलं. ते अलगद खाली सरकलं. वनाने भडगावच्या पिस्टनवरचा आकडा मोठ्याने वाचला, "चाळीस."

आता कोणी हसलं नाही. मेस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला. "अजून घासलं असतं, तर त्यांचा सिलिंडर उगाच मोठा होऊन त्याचं आयुष्य घटलं असतं. चूक माझी. त्यांचं वीसचं तर वापरलं गेलंय, त्यांना मी नवं पिस्टन आणून देतो, आणि तुमचं चाळीसचं शनिवारी स्वतः येऊन बसवतो."

तो खरंच आला. दुपारी गाडी स्वच्छ आवाजात चालू लागली.

"आमच्या कुणाला दिसलं नाही, ते हिला दिसलं," मेस्त्रीने जमलेल्या शेजाऱ्यांसमोर सांगितलं.

मामांनी कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. आता ही गाडी कुठे जात नाही."

मामी म्हणाल्या, "आईला कळव बाई."

कुंदाने आईला कार्ड लिहिलं. लिहून झालं, तरी ती ओट्यावरून उठली नाही. आणखी एका माणसाला हे सांगायचं होतं, आणि तिथे कार्ड पोचणार नव्हतं.

वना येऊन जवळ उभा राहिला.

"ताई, तुझ्या बाबांनी आणखी काय काय शिकवलं तुला?"

कुंदाने डोळे पुसले आणि सरकून त्याला जागा दिली.

"बस," ती म्हणाली. "सांगते."