गळ्यातली दुर्बीण

त्या सकाळीही बापलेकीचं नेहमीसारखंच वाजलं.

डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. परवानगीसाठी पर्यावरण अहवाल लागत होता आणि त्यातली पक्ष्यांची पाहणी बाबांकडे होती.

"चार पक्ष्यांसाठी वीज अडवून धरता," ती म्हणाली.

"अडवतोय कुठे? दोन चक्क्या जरा सरकवा म्हणतोय. कड्यात गरुडाचं घरटं आहे."

तिने त्यांची दुर्बीण उचलली, डोळ्याला टेकणाऱ्या रबरी वाट्या फिरवून बाहेर काढल्या आणि खिडकीतून उगाच पाहिलं. बाबांनी दुर्बीण परत घेतली, अंगठ्याने वाट्या आत बसवल्या, गळ्यात अडकवली. चष्म्याआडून हसले.

"पटतंय ना?"

ती डबा भरत राहिली.

दुपारी ते कड्याखाली सापडले. बघता बघता पाय घसरला, असं पोलिसांनी ठरवलं. काही दिवसांनी अहवाल आला. त्यात बाबांच्या हवाल्याने लिहिलं होतं: घरटं नाही.

तेव्हा तिने मावशींना गाठलं. या बाई कुणाच्याच मावशी नव्हत्या. खासगी तपास करायच्या आणि लोक आपणहून त्यांना मावशी म्हणायचे. सोबत त्यांचे यजमान असत, काका. त्यांची कामं दोन: गाडी चालवणं आणि उशिरा समजणं.

"परवा अहवालावर सुनावणी आहे," ती म्हणाली. "बाबा घसरले असतील तर तेही सोसेन. पण खोटं सांगून गेले, असं राहायला नको."

पोलिसांनी जागेवरच सील करून दिलेली बाबांच्या वस्तूंची पिशवी तिला अजून उघडवली नव्हती. मावशींनी सील फोडलं. दुर्बिणीच्या काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. काकांनी ती चष्म्यावर टेकवली आणि तोंड वाकडं केलं.

"बिघडली वाटतं. मधे एवढंसं भोक दिसतंय, बाकी काळोख."

"ठेवा खाली," मावशी म्हणाल्या. "आता हात लावू नका."

कड्याची वाट एकच, फाटकातून जाणारी. पहारेकऱ्याने त्या सकाळी बाबांखेरीज तिघांनाच सोडलं होतं.

कंपनीच्या मॅनेजरला चक्क्या सरकवायच्या नव्हत्या, आणि त्याने ते लपवलंही नाही. आपण वारा मोजायच्या खांबाशीच थांबलो, असं त्याचं म्हणणं. चष्मा पुसायला काढला तेव्हा तो काकांनाच मावशी समजून उत्तरं देऊ लागला.

दुसरा शेजारचा जमीनमालक. एक चक्की त्याच्या रानात येणार होती आणि बाबा आधी दिसले तेही त्यालाच. "दुर्बीण गळ्यात होती. मी शिवलो नाही," तो म्हणाला. त्याचा चष्मा दोरीने मानेला बांधलेला. तो पडला तर शोधायला दुसरा माणूस लागतो, असं त्यानेच सांगितलं.

तिसरा, अहवाल लिहिणारा सल्लागार, बाबांचा जुना मित्र. तो रडला. अर्ध्या वाटेतूनच परतलो, म्हणाला. दुर्बिणीतलं त्याला काही कळत नव्हतं, बाबांच्या शब्दावर लिहिलं. मग कचेरीच्या खिडकीतून लांबच्या चौकातल्या बसची पाटी वाचून, सोबत आलेल्या लेकीला तिची बस आल्याचंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तिघांना तिच्यासमोर सल्लागाराच्याच कचेरीत बसवलं.

"अहो, बघा पुन्हा," त्या म्हणाल्या.

"भोकच आहे," काका म्हणाले.

मावशींनी रबरी वाट्या आत फिरवल्या. "आता?"

"अरे! आख्खा रस्ता दिसतोय की."

"चष्मेवाल्याला वाट्या आत लागतात, बिनचष्म्याच्याला बाहेर. हिच्या बाबांनी निघताना हिच्यासमोर आत बसवल्या होत्या. पिशवीतून निघाल्या त्या बाहेर. म्हणजे नंतर बिनचष्म्याच्या माणसाने यातून पाहिलं. आणि कड्यावरून माणूस पडतो, पण त्याच्या गळ्यातल्या काचेला ओरखडा नाही? दुर्बीण पडलीच नव्हती. ती नंतर गळ्यात घातली."

दोन चष्मे तिसऱ्या खुर्चीकडे वळले.

"त्यांनी तुम्हाला घरटं दाखवलं," मावशी म्हणाल्या.

"पिल्लू होतं आत," सल्लागार म्हणाला. "म्हटलं, अहवाल लिहून झालाय, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, सोड ना. तो दुर्बीण परत मागत होता. मी हात झटकला. एवढंच."

"एवढंच नाही. खाली उतरलात. गळ्यात पट्टा घातलात तेव्हा श्वास चालू होता?"

त्याने मान खाली घातली. तिने मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही.

सुनावणी पुढे ढकलली गेली. पाहणी नव्याने व्हायची होती, कड्यातल्या घरट्यापासून. काका तिला वर घेऊन गेले. दुर्बीण पुन्हा पोलिसांकडे होती. नुसत्या डोळ्यांना नुसता खडक दिसत होता. ती काठापासून लांबच थांबली. काकांना या वेळी लगेच समजलं. ते गाडीकडे वळले.

"पटलं होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तेव्हाच पटलं होतं."