इंटर... चेंज... एबिलिटी

रांजणगावहून वडगाव रासाईकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरचा मुलगा एकाच शब्दाशी झटत होता. "इंटरचेजे... इंटरजेचे..." मोनालीला हसू आवरेना. ट्रेनिंगच्या ऑफिसात काम करणारी पोरगी ती, गप्प कशी बसणार?

"अहो, सगळा एकदम गिळू नका! तोडून म्हणा. इंटर... चेंज... ए... बि... लि... टी."

"परमनंटच्या इंटरव्ह्यूत विचारत्यात म्हणं," तो लाजला.

"मग ऐका. इंटर म्हंजी एकमेकांत, चेंज म्हंजी बदल, एबल म्हंजी होण्याजोगं. शेवटचं इटी म्हंजी तसं असणं."

"व्हय की! एका मशिनचा पार्ट दुसऱ्याला बिनधास्त बसतो, त्येच ना?"

तो नागसेन, खुटबावचा, कंत्राटी फिटर. मग रोज एक लांबलचक शब्द निघू लागला. तो मुद्दाम चुकायचा, ती सीटच्या दांडीवर बोटाने ताल द्यायची... आणि एके दिवशी ते बोट त्याने अलगद धरलं. तिने सोडवून घेतलं नाही. जीव जडला होता, झालं!

ती मराठ्यांची, तो बौद्ध. धाकधूक दोघांनाही होती. पण तिचे आप्पा, हौसराव, येईल त्या स्थळाबद्दल एकच विचारायचे, "पोरगा परमनंट हाय का?" तिने सगळी भिस्त त्यावरच ठेवली. "एवढं होऊ द्या, मग आप्पा न्हाई म्हणायचे न्हाईत," ती म्हणायची. वेडी!

तो परमनंट झाला आणि पेढे घेऊन, मागणी घालायला वडगावला आला. आप्पांनी खुर्ची दिली, चहा दिला, कौतुकही केलं. मग नाव-आडनाव विचारलं. नागसेनने सांगितलं, आणि आप्पांनी हातातला पेढा ओटीवर ठेवून दिला.

"पोरगं गुणी हाय, न्हाई कोण म्हणतंय?" आप्पा शांतपणे म्हणाले. "पण आमच्यात हे व्हायचं न्हाई. पुन्यांदा येऊ नका."

मोनालीने त्याला फाटकापाशी गाठलं. "आपण... निघून जाऊ या?"

"आन् खुटबावात आई एकटी हाय माझी. तिच्यावर राग काढला कुणी, तर?" त्याने मान खाली घातली. "भ्या वाटतंय मला, मोनाली."

असं काही होणार नाही, हे तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. तिने त्याच्या गाडीचं हँडल धरलं.

"उद्या... बसमधी?"

"शिफ्ट बदलून घेतो."

त्याने गाडी सुरू केली. "मोनाली, आत ये," ओटीवरून आप्पांची हाक आली. तिला स्वतःचाच संताप आला... तरीही ती आत गेली.