पेटी लगेच उघडायची नाही

"थांबा! उघडू नका!"

मी गिटारच्या बॅगेच्या चेनला हात घातला, तेवढ्यात काउंटरमागून एक उंच माणूस धावत आला आणि त्यानं चेनवर – म्हणजे माझ्या हातावरच – हात ठेवला. बाहेर उणे एकतीस होतं. माझ्या पापण्यांवर बर्फ, नाक लाल, बोटं बधिर. असल्या अवतारात कुणी दुकानात शिरलं की विनिपेगमध्ये लोक आधी "दार लावा" म्हणून ओरडतात. हा मात्र थेट हातच धरत होता.

"गिटार माझीच आहे," मी म्हटलं. "चोरीची नाही."

"म्हणूनच म्हणतो..." आपला हात कुठे आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो झटकन मागे गेला. कान लालेलाल. "लाकूड गारठलंय. इथली ऊब एकदम लागली तर पॉलिशला तडे जातील. बंदच राहू दे. तासभर."

"तासभर?"

"निदान."

गिमली गावच्या गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून मासे धरणाऱ्या घरातली मी, आणि हा मला थंडी शिकवत होता! पण खरं सांगायचं तर मला हे माहीत नव्हतं. ही गिटार माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना आफी म्हणायचो. त्यांच्या हयातीत ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली असेल तेवढीच. आता मात्र ती देशभर फिरणार होती. टोरंटोच्या एका बालनाट्य कंपनीत मला गिटार वाजवायचं काम मिळालं होतं, जूनअखेरपर्यंतचा दौरा होता, आणि विमानात तिला सामानाबरोबर खाली टाकणार होते. म्हणून चांगली कडक पेटी हवी होती, वीस फेब्रुवारीच्या आत.

"मग तोवर सांगा," एक स्टूल माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "कशी आहे ती?"

"कोण?"

"गिटार. बघता तर येत नाही... निदान ऐकू तरी द्या."

मी सांगत सुटले. ती नेहमीच्या गिटारीपेक्षा लहान आहे, कमरेत बारीक आहे. खुंट्यांपाशी आफींच्या सिगारेटचा डाग आहे. पावसाळी दिवसांत तिला अजून माशांचा वास येतो... तो हनुवटीवर हात टेकवून ऐकत होता. नाव रूबेन पेनर, काम गिटारी दुरुस्त करायचं. माझं इतका वेळ कुणी मन लावून ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. मध्येच त्यानं कॉफी आणली, आणि त्याच्या गावी उन्हाळ्यात रोल्कुखन म्हणजे तळलेल्या पुऱ्या आणि कलिंगड हेच जेवण असतं, हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"कलिंगड आणि पुरी? हे काय जेवण झालं?"

"खाल्ल्याशिवाय नावं ठेवू नका हं!"

तासानं त्यानं बॅग उघडली. गिटार दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला असता तर काय बिघडलं असतं!

पहिली पेटी प्लायवूडची, आत हिरवी मखमल. गिटार आत ठेवून त्यानं झाकण लावलं, पेटी उचलली, कलती केली आणि तिला कान लावला. आतून आवाज आला, डुग!

"नाही चालणार. आत हलली की मान मोडलीच समजा. लहान मापाची मागवतो. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात उणे अठ्ठावीस. पुन्हा एक तास, पुन्हा कॉफी. या वेळी मी घरून विनार्तार्ता नेला होता. मनुकांसारख्या वाळवलेल्या प्लमचा आमचा थरांचा केक. त्यानं तीन तुकडे खाल्ले. मग दुसरी पेटी आली. झाकण लागलं. त्यानं ती कलती केली, कान लावला. मीही दुसऱ्या बाजूनं लावला. आमच्यामध्ये फक्त पेटीची जाडी. आत चिडीचूप.

"...हलतेय," रूबेन म्हणाला.

माझे कान तयार आहेत. शेजारच्या घरातली तार उतरली तरी मला कळते. आत काहीही हललं नव्हतं.

"हो ना," मी म्हटलं. "चांगलीच हलतेय."

दुकानाची मालकीण मर्ना मागे विणत बसली होती. तिनं सुया थांबवल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "एवढ्या वेळात मी दोन नवरे पसंत केले होते," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

तिसरी पेटी अठरा फेब्रुवारीला आली. काळी, आत निळं अस्तर, पाच कड्या. गिटार तिच्यात अशी बसली की काही म्हणायला जागाच राहिली नाही.

"बसली," तो म्हणाला.

"हो... बसली."

दोघांपैकी कुणालाच आनंद झाला नव्हता. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आत्ता बोल. परवा मी चाललेय. त्यानं एकेक करून पाचही कड्या लावल्या.

"विमानात देताना तारा सैल करा. आणि कुठेही पोचलात की लगेच उघडू नका. तासभर..."

"निदान," मी म्हटलं.

"हो. नीट जा."

नीट जा! बसस्टॉपपर्यंत मी रडत गेले. त्या थंडीत रडणंही सोपं नसतं, पापण्या चिकटतात.

पहिला मुक्काम सडबरी. मोटेलच्या पलंगावर पेटी ठेवली. बर्फासारखी गार. समोर एक अख्खा तास, आणि करायला काही नाही. मी दुकानाचा नंबर फिरवला.

"पेटी बंद आहे," मी म्हटलं. "एक तास आहे माझ्याकडे."

पलीकडे स्टूल ओढल्याचा आवाज. "बसलोय मी," रूबेन म्हणाला. "सांगा."

मग गावोगाव तेच. पोचायचं, पेटी ठेवायची, फोन लावायचा. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंही नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात फ्रेडरिक्टनला माझ्या खिडकीखाली लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती.

"थंडी कशी आहे तिकडे?" त्यानं विचारलं.

"भयंकर," मी म्हटलं.

"मग तासभर उघडू नकोस हं."

जूनच्या अखेरीस कंपनीनं विचारलं, कायमची टोरंटोत राहशील का? काम मोठं होतं, मान होता, मला हवं होतं ते सगळं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी रूबेनला सांगितलं.

"चांगली संधी आहे," तो म्हणाला.

एवढंच. त्या दिवशी मी अकराव्या मिनिटाला फोन ठेवला आणि पेटी खाडकन उघडली.

दौरा संपला आणि शनिवारी विनिपेगला पोचले. कपडे, पुस्तकं गोळा करायला. आणि पेटीची एक कडी जरा घट्ट झाली होती, म्हणून दुकानात गेले. खोटं कशाला बोलू, कडी तेलाच्या एका थेंबानं सैल झाली असती. बाहेर बत्तीस डिग्री, अंगभर डास चावलेले.

रूबेन काउंटरपाशी उभा होता. शेजारी चिरलेलं कलिंगड होतं, आणि फडक्याखाली काहीतरी तळलेलं.

मी न बोलता पेटी ठेवली आणि पहिल्या कडीला हात घातला. त्याचा हात माझ्या हातावर आला. या वेळी तो मागे गेला नाही.

"थांब. उघडू नकोस."

"रूबेन, उन्हाळा आहे!"

"माहीत आहे. फ्रेडरिक्टनलाही त्या दिवशी एकोणीस होतं. त्याआधी मंक्टनला सतरा. मी रोज तिकडचं हवामान बघायचो."

आता माझे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुझे फोन थांबले असते." त्यानं पेटीकडे पाहिलं. "रुना, ती दुसरी पेटी... बसली होती."

"माहीत आहे. मला कान आहेत."

"मग हो का म्हणालीस?"

"तू का म्हणालास?"

तो हसला नाही. "चांगली संधी आहे म्हणालो ते मनापासून म्हणालो. तू जा. तुला थांब म्हणणार नाही मी. पण... तिकडेही गिटारी तडकतात ना?"

"खूप तडकतात," मी म्हटलं. "तिकडे लोक आल्या आल्या उघडतात."

"मग मी येतो. तू येऊ देणार असशील तर... माझं प्रेम आहे तुझ्यावर. अगदी पहिल्या तासापासून."

"ये," मी म्हटलं. खूप दिवस जे पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. मी दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला.

"रूबेन!" मागून मर्नाचा आवाज आला. "ती पेटी उघडलीस का? कडी बघायचीय ना?"

"अजून नाही," रूबेन म्हणाला. "पन्नास मिनिटं आहेत."

"जुलैमध्ये?"

"निदान," मी म्हटलं आणि कलिंगडाची फोड उचलली.