शेवटच्या रिळाची पेटी

बत्ती गेलीय, ती काही लवकर यायची नाही. बसा. आणि तो तुमचा वाद आता पुरे करा. डोकं ज्याचं त्याचं, सरकारला काय पडलंय... हेच सगळं सत्त्याहत्तर सालीही चाललं होतं. हेल्मेटची सक्ती होणार अशी नुसती हूल उठली आणि चहाच्या टपरीवर लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. त्या भांडणात कधीच न पडलेल्या एका माणसाची ही गोष्ट. सहदेव त्याचं नाव. आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा, म्हणून सांगतो, ऐकीव नाही.

सहदेव मालवणकडचा. दिवसभर सांताक्रूझला एका गॅरेजात राबायचा आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून सिनेमाची रिळं न्यायचा. तुम्हाला हे ठाऊक नसणार. तेव्हा पिक्चरची एकच प्रत दोन थिएटरांत चालवायचे. अंधेरीला खेळ आधी सुरू व्हायचा, बोरीवलीला थोडा उशिरा. अंधेरीत रीळ संपलं की पत्र्याच्या पेटीत घालून बोरीवलीला पळवायचं. उशीर झाला की तिकडे पडदा पांढरा, आणि पब्लिक खुर्च्या फाडायला मोकळं. सहदेव दमून चूर झालेला असायचा, पण त्याची पेटी कधी उशिरा पोचली नाही.

त्याची बायको उत्तरा हेल्मेटसाठी हट्टाला पेटली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. सहदेवच्या आधी हे काम त्याच्याच गावचा धाकू करायचा. आदल्या वर्षी दिंडोशीच्या टेकडीखाली, हायवेवर तो पडला. हातपाय धड होते. फक्त डोकं दगडावर आपटलं. निरोप आला तेव्हा थिएटरच्या मॅनेजरनं पहिलं काय विचारलं असेल? रीळ शाबूत आहे ना? रीळ शाबूत होतं. धाकूची बायको तान्हं पोर घेऊन गावी गेली ती गेलीच. तिला एसटीत बसवून द्यायला उत्तराच गेली होती. परत आली ती हेल्मेट घेऊनच. नवऱ्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "सरकारची सक्ती होईल तेव्हा होईल. माझी आजपासून."

आम्ही त्या हेल्मेटला टोप म्हणायचो. सहदेव निमूट तो टोप घालून निघायचा, आणि गल्लीचं वळण गेलं की काढून हँडलला अडकवायचा. माज नव्हता तो. पेट्या मागे कॅरियरला दोरीनं बांधलेल्या असत आणि रस्ताभर एकमेकींवर खडखड वाजत. खडखड चालू आहे तोवर पेट्या जागेवर आहेत. थांबली की समजायचं, पडली एखादी. टोपात कान बंद झाले तर पेटीवर लक्ष कसं ठेवणार? ही अक्कल त्याला धाकूनंच शिकवली होती. धाकूही कान उघडे ठेवूनच गेला, पण हे सहदेवला कोण सांगणार? पोट हातावर असलं की माणूस आधी पेटी सांभाळतो, मग डोकं.

तर त्या वर्षीचा दहा डिसेंबर. शनिवार, त्यात अमावास्या. रात्रीच्या खेळाची शेवटची दोन रिळं राहिली होती. अंधेरीचा ऑपरेटर भिकाजी पेट्या देताना म्हणाला, डोळे बघ तुझे, चहा तरी घेऊन जा. सहदेव म्हणाला, आल्यावर घेतो. पेट्या बांधल्या, दोरी दोनदा ओढून बघितली आणि निघाला. टोप हँडलला लोंबत होता.

जोगेश्वरी गेली. गोरेगाव मागे पडलं. तिथून पुढे हायवेला माणूस नाही की काणूस. थंडी बोचत होती, डोळ्यांवर झापड येत होती. मागची खडखड ऐकत तो कसाबसा जागा होता. एवढं पोचवलं की सुटलो, उद्या रविवार, दुपारपर्यंत झोपायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

दिंडोशीची टेकडी दिसायला लागली आणि खडखड थांबली.

त्यानं कचकन ब्रेक दाबला. वळून पाहिलं. दोन्ही पेट्या जागेवर. दोरी घट्ट. हात लावून पाहिला, पेट्या हलत होत्या, वाजत होत्या. झोपेत चुकलं असेल म्हणाला आणि गाडी काढली.

खड्डा आला. गाडी उसळली.

आवाज नाही.

दुसरा खड्डा. तरी नाही. कुणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरल्यासारख्या पेट्या गप्प...

मग गाडी मागून जड झाली. दुसरा माणूस बसला की होते तशी. त्याच्या मानेवर गार वारा लागला. वारा तर समोरून येत होता.

त्यानं मागे पाहिलं नाही.

"सहदेवा..."

आवाज ओळखीचा. दमलेला. खूप लांबून चालत आल्यासारखा.

"पेटी मी धरतंय... तू टोप घाल."

सहदेवनं गाडी थांबवली. कशी थांबवली, त्याला कधी सांगता आलं नाही. हँडलचा टोप काढला. डोक्यावर चढवला. पट्टा काही केल्या लागेना. मग लागला. कुणी लावला... तेही त्याला सांगता आलं नाही.

गाडी निघाली. कान बंद. आता काहीच ऐकू येत नव्हतं.

ट्रक बिघडला की ड्रायव्हर मागे मोठाले दगड मांडून ठेवतात. दुरुस्त झाला की निघून जातात, दगड तिथेच. तसाच एक दगड. अंधारात. पुढचं चाक त्यावर चढलं आणि सहदेव उडाला. डोकं थेट मैलाच्या दगडावर. तो आवाज मात्र त्यानं ऐकला. नारळ फोडावा तसा.

मग सगळं शांत...

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. डोकं दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. गाडी खड्ड्यात आडवी पडली होती. पेट्या रस्त्याच्या कडेला होत्या, एकावर एक, नीट रचून ठेवलेल्या.

एका दुधाच्या टेम्पोनं त्याला पेट्यांसकट उचललं. बोरीवलीला पब्लिक शिव्या देत होतं, पण शेवट पाहायला मिळाला तसं गप्प बसलं. सहदेव पहाटे घरी आला. आवाज ऐकून आम्हीही बाहेर आलो. टोप त्याच्या डोक्यावरच होता. काढायचं सुचलंच नव्हतं त्याला, की धीर झाला नव्हता, देव जाणे. उत्तरानं त्याला पायरीवर बसवलं, पट्टा सोडला, टोप काढला आणि कंदील जवळ धरून त्याचं डोकं बोटांनी चाचपलं. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. केस कोरडे. तिनं देवाला हात जोडले.

मग आत न्यायला तिनं टोप उचलला आणि तिचा हात ओला झाला. टोपाच्या आतलं कापड रक्तानं भिजलेलं होतं. आणि ते रक्त अजून कोमट होतं.