हद्दीचे पांढरे दगड

"जयवंताबाईची गाय चोर नाही! तिला चोर म्हणणाराच खोटा!" पाय आपटत टेकडी चढता चढता गोपिका म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत ती नागपूरहून खाप्याजवळ मामाच्या गावी आली होती. दुपारी टेकडीच्या धारेवरून निवांत फिरायचं, खाली कन्हान नदीचं वळण बघायचं, असा छान बेत होता. पण निघताना शेजारच्या जयवंताबाईच्या अंगणात पंधरा दिवसांचं वासरू हंबरताना दिसलं. वाटीनं पाजलेलं दूध त्याला पुरत नव्हतं आणि त्याची आई दोन दिवस कोंडवाड्यात! सरकारी जंगलात चरली म्हणून जंगलगार्ड नत्थूजीनं तिला कोंडलं होतं.

"पण गाय तर धारेखालच्या नेहमीच्याच कुरणात होती," मामेभाऊ ओमप्रकाश म्हणाला. "जंगलाची हद्द इथं वर हाय. या धारेवर पांढऱ्या दगडांची रांग असते."

"मंग कुठं हाय थे रांग, दादा?" त्याच्या धाकट्या बहिणीनं, प्रेमिलानं विचारलं.

तिघंही थबकली. धारेवर एकही दगड नव्हता! खडकावर नुसती चुन्याची गोल कडी उरली होती. दर वर्षी नत्थूजी दगड रंगवायचा तेव्हा ओघळलेला चुना!

"थे पाहा! खाली, गाडीवाटेजवळ!" ओमप्रकाश ओरडला.

तिघं धावत उतरली. जोर लावून एक दगड कलता केला. खालचं गवत अजून हिरवंगार!

"वर्षानुवर्षं दगड असता तर खाली गवत उरलं असतं का?" गोपिका संतापली. "चुन्याची बादली वर न्यायचा कंटाळा आला असणार! म्हणून नत्थूजीनं दगडच खाली लोटले. दगडांबरोबर हद्द खाली आली आणि सगळं कुरण जंगलात गेलं!"

तिघं तशीच गावात धावली. चावडीसमोर वनखात्याचे रेंजर मनोहरराव दौऱ्यावर आले होते. शेजारी नत्थूजी, मामा आणि गाय सोडा म्हणून विनवायला आलेली जयवंताबाई.

"बाबा, थे दगड..." ओमप्रकाशनं तोंड उघडलं.

"मोठ्यांच्या मधात बोलू नको!" मामा खेकसले.

गोपिकाचे कान तापले. पण तिनं राग गिळला आणि गोड आवाजात विचारलं, "नत्थूजी, चुना लावायला एवढं वर चढता, पाय नाही दुखत?"

नत्थूजीनं मिशीला पीळ दिला. "दुखून कसं चालन, पोरी? चौदाच्या चौदा दगड, पार धारेवर! औंदाही म्याच रंगवले!"

"अगदी वर?"

"अगदी वर!"

"रेंजरसाहेब, मग वर चला ना! तिथं एकही दगड नाही!"

नत्थूजीची मिशी लोंबली. मनोहरराव टेकडी चढले, मागोमाग सगळे. चुन्याच्या कड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, खाली येऊन दगडाखालचं हिरवं गवत पाहिलं.

"दगड काहून हलवले?" त्यांनी नत्थूजीला विचारलं.

"सायेब... बादली लय जड होती जी."

"बादली जड, म्हणून मुक्या जनावराला कोंडलं? सूर्य बुडायच्या आत सगळे दगड वर गेले पाहिजेत. तुझ्या हातानं!"

मामा खजील झाले. "आम्ही रोज या वाटेनं जातो, पण आमच्या ध्यानात नाही आलं. पोरांनो, तुमचं आधीच ऐकायले पाहिजे होतं."

"शाब्बास!" मनोहरराव म्हणाले. "अशी नजर आमच्या खात्यातही कुणाला नाही. तुमच्या गुरुजींना मी स्वतः..."

"शाबासकी नंतर द्या, साहेब!" गोपिकाला राहवेना. "आधी कोंडवाड्याचं दार उघडा. वासरू उपाशी आहे!"

मनोहररावांनी टोपी डोक्यावर घातली आणि झपाझप कोंडवाड्याकडे निघाले. जयवंताबाई केव्हाच पुढे धावत सुटली होती.